धुरकऱ्याची नोंद

‘विषय वाङ्मयाच्या कक्षेत येत नाही.’ एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याचा लघुप्रबंधाचा प्रस्ताव एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यानिशी परत आला, त्याला आता काही महिने होऊन गेले. विद्यार्थी रिसोड तालुक्यातल्या रिठदचा. विषय होता शंकरपटात बैलजोडी हाकणारा धुरकरी, त्याची कारकीर्द, त्याची भाषा आणि मराठी कथा-कादंबरीने त्याची घेतलेली, खरे म्हणजे न घेतलेली, दखल. मुलाचे वडील तरुणपणी धुरकरी होते. शेरा मारणारी समिती कुठली आणि तिच्यावर कोण कोण होते हे सांगण्यात अर्थ नाही, कारण समिती बदलली असती तरी शेरा बदलला असता असे मला वाटत नाही. तो आपल्या सगळ्यांच्या हातचा शेरा आहे. माझ्याही हातचा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. आनंद यादवांची ‘गोतावळा’ मी इतकी वर्षे वर्गात शिकवली, ट्रॅक्टर आल्यावर नारबाचे आणि जनावरांचे काय होते यावर तासन्‌तास बोललो. पण बैल हाकणे हे एक कसब आहे, त्याला शिक्षण लागते, त्यात कमीअधिक प्रतिभेची माणसे असतात, हे मी एकदाही वर्गात बोललो नाही. समोरच्या बाकांवर ते कसब घरात असलेली मुले बसलेली असत.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात ते आणि आमचा शंकरपट हे एकच नव्हे. पुण्याकडच्या घाटात बैल चढावर पळतात, पुढे घोडी असते आणि गाड्यावर बहुधा माणूस नसतो. आमच्याकडे सपाट पट्टीवर दोन बैलांची जोडी हलक्या गाडीला जुंपतात आणि गाडीवर माणूस असतो. तोच धुरकरी. सुगी आटोपली, संक्रांत जवळ आली की पट भरू लागतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट फार जुना आणि नावाजलेला. लहान पट गावोगाव. धाव काही सेकंदांत संपते. आता कित्येक ठिकाणी विजेवरची घड्याळे आली आहेत आणि हार-जीत सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरते. धाव झाल्यावर ध्वनिक्षेपकावरून जे पुकारले जाते ते मी अनेकदा कान देऊन ऐकले आहे. गावाचे नाव, मालकाचे नाव, बैलांची नावे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘अमुक यांची जोडी प्रथम’ असे छापून येते. गाडीवर कोण होता?

त्या मुलाच्या प्रस्तावात याचे उत्तर होते, निदान उत्तराची सुरुवात होती. वडिलांशी झालेल्या बोलण्याची दोन पाने त्याने जोडली होती. डाव्या-उजव्या बैलाचा स्वभाव वेगळा असतो. एक सुटताना झेप घेतो आणि दुसरा शेवटच्या टप्प्यात खेचतो, आणि धुरकऱ्याचे काम या दोन वेगांना एका जुवाखाली आणायचे. सुटताना अंगाचा भार कुठे ठेवायचा, म्हणजे जू मानेवर बसत नाही. आवाज केव्हा द्यायचा आणि, याहून अवघड, केव्हा द्यायचा नाही. पळवण्यापेक्षा पल्ल्यापलीकडे गर्दीत जोडी आवरणे अधिक कठीण, आणि अपघात बहुधा तिथेच होतात. मालक जोडी विकतो तेव्हा धुरकऱ्याच्या हातून वर्षा-दोन वर्षांची मेहनत एका व्यवहारात जाते, आणि त्याला नव्या जोडीपाशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मला तर ही दोन पाने वाचताना आपण अनेक ग्रामीण कादंबऱ्यांत जे शोधतो ते इथे आयतेच हाताला लागले असे वाटले. समितीला ती पाने ‘मुलाखतवजा’ वाटली.

आता ‘वाङ्मयाची कक्षा’ म्हणजे काय ते पाहू. ‘धुर’ हा शब्द आपल्या भाषेत किती मानाचा आहे पाहा. धुरीण, धुरंधर, संस्थेची धुरा वाहणे. संमेलनाच्या व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला आपण धुरंधर म्हणतो, आणि ज्याच्या हाती खरोखरची धुरा असते त्या धुरकऱ्याचे नाव आपल्या समीक्षेत सापडत नाही. बरे, ही परंपरेची शिकवण म्हणावी तर तसेही नाही. महाभारतातला सूत हा रथ हाकणारा आहे आणि कथा सांगणाराही आहे. युद्ध धृतराष्ट्राला सांगतो तो संजय सूत, आणि नैमिषारण्यात सगळे महाभारत ऐकवतो तो उग्रश्रवा सौती. हाकणे आणि सांगणे एकाच माणसाच्या ठायी होते. नलोपाख्यानात बाहुक झालेला नल ऋतुपर्णाचा रथ एका दिवसात विदर्भात, म्हणजे आपल्याच मुलखात, आणतो. वाटेत राजाचे उपरणे उडते, तो थांबायला सांगतो आणि सारथी सांगतो की ते आता एक योजन मागे राहिले. पुढे दमयंती त्या रथाचा घोष ऐकते आणि हाकणारा नल असावा असे तिला वाटते. चेहरा दिसण्याआधी कसब ओळखू येते, ही कल्पना ज्या कवीला सुचली त्याने सारथ्य डोळसपणे पाहिले असले पाहिजे. पण त्याच ग्रंथात भीम कर्णाला तुझ्या कुळाला शोभणारा चाबूक हाती घे म्हणून हिणवतो. मराठीने ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि ‘राधेय’ (१९७३) अशा दोन लोकप्रिय कादंबऱ्या या सूतपुत्रावर लिहिल्या. दोन्हींत करुणा भीमाने केलेल्या अपमानाभोवती गोळा होते. चाबूक हाती घेणे हे अपमानास्पद का असावे, अधिरथाला काय येत होते, याकडे लेखकांचे, वाचकांचे आणि आम्हा शिकवणाऱ्यांचे फारसे लक्ष गेले नाही.

हा प्रश्न दुसऱ्या एका वाङ्मयाने कसा सोडवला आणि कुठे तो चुकला, हे पाहण्यासाठी मला फार लांब जावे लागणार आहे, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत. अंतर मोठे आहे, पण साम्य ओढूनताणून आणलेले नाही. तिथल्या ‘स्टॉक कार’ शर्यती म्हणजे मुळात शर्यतीसाठी घडवलेल्या नव्हे, तर सामान्य माणूस दुकानातून विकत घेतो त्या मोटारींच्या शर्यती. नांगराचाच बैल पटात उतरवावा, तशा. पुढे त्या मोटारी नावापुरत्याच दुकानातल्या राहिल्या, जशी आपल्याकडे पटाची जोडी शेतीच्या कामाला लावत नाहीत. या शर्यतींचे चालक आले ते डोंगराळ भागात बेकायदा दारू गाळून रात्री मोटारीतून वाहून नेणाऱ्यांतून. पोलिसांच्या पुढे राहायचे तर मोटार वेगवान हवी आणि हात त्याहून वेगवान. नॅस्कार ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. जून १९४९ मध्ये शार्लट येथे तिची पहिली ‘काटेकोर स्टॉक’ शर्यत झाली तेव्हा ग्लेन डनवे नावाचा चालक पहिला आला आणि बाद ठरला. त्याच्या मोटारीच्या मागच्या स्प्रिंगांत दारूचे ओझे पेलण्यासाठी फेरफार केलेला होता. पहिला क्रमांक दुसऱ्याच्या नावे लिहिला गेला. म्हणजे या खेळाच्या नोंदवहीचे पहिले पानच खाडाखोडीचे.

या दारूवाहू चालकांपैकी ज्युनिअर जॉन्सन हा नॉर्थ कॅरोलायनातला. वडिलांच्या भट्टीवर १९५६ साली पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात काढले, परत येऊन शर्यती जिंकू लागला. १९६० सालची डेटोनाची शर्यत त्याने तुलनेने मंद मोटार घेऊन जिंकली. पुढच्या वेगवान मोटारीच्या मागे अगदी चिकटून राहिले की तिने कापलेल्या हवेच्या पोकळीत आपली मोटार ओढली जाते, हे त्याने सरावात हेरले होते. भौतिकशास्त्र त्याला कुणी शिकवले नव्हते. या माणसावर १९६५ च्या मार्चमध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात टॉम वुल्फने एक दीर्घ लेख लिहिला. वुल्फ येल विद्यापीठाचा डॉक्टरेट मिळवलेला माणूस, पांढऱ्या सुटातला शहरी गृहस्थ. त्याने काय केले? रविवारी सकाळी शर्यतीला निघालेल्या मोटारींची रांग वर्णन केली, पोलिसांनी रस्ता अडवला की धावती मोटार जागच्या जागी उलट फिरवण्याची युक्ती हातापायांच्या हालचालींसकट सांगितली, आणि तिथल्या बोलीचा लहेजा आपल्या गद्यात येऊ दिला. आज तो लेख ‘नवपत्रकारिता’ म्हणून अमेरिकी वाङ्मयाच्या अभ्यासात शिकवला जातो. आमच्याकडेही साहित्यप्रकारांच्या व्याख्यानात नवपत्रकारितेचे नाव घेतले जाते. तिच्या अगदी आरंभीच्या लेखांतला एक, मोटार हाकणाऱ्या, दारू वाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलावरचा आहे, हे मात्र सांगायचे राहते.

इथवर हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. पण प्रामाणिकपणे त्याच काळातल्या दुसऱ्या चालकाकडे पाहिले पाहिजे, कारण माझा खरा मुद्दा त्याच्यापाशी आहे. वेंडेल स्कॉट. जन्म १९२१, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावचा, कृष्णवर्णीय. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिक, नंतर टॅक्सी चालवणे, मोटारी दुरुस्त करणे आणि रात्री दारू वाहणे. १९५२ साली स्थानिक शर्यतींच्या आयोजकांना कृष्णवर्णीय प्रेक्षक ओढण्यासाठी एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी चौकशी केली ती पोलिसांकडे. पोलिसांनी ज्याचा वारंवार पाठलाग केला होता त्याचे नाव सांगितले. या माणसाच्या कसबाची पहिली जाणकार दखल घेतली गेली ती पोलीस ठाण्यात!

१९६१ पासून स्कॉट नॅस्कारच्या सर्वोच्च श्रेणीत उतरला. मोठा प्रायोजक नाही, मोटार दुसऱ्याची वापरून झालेली, दुरुस्ती स्वतःच्या हाताने, आणि मदतनीस म्हणजे घरचीच मुले. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या मैदानावर, सुमारे पंचवीस फेऱ्या उरल्या असताना, त्याने रिचर्ड पेटीला मागे टाकले. त्याच्या हिशेबाने शर्यत संपली, पण विजयाचा झेंडा काही पडला नाही. तो फिरतच राहिला. शेवटी बक बेकर या गौरवर्णीय चालकाला विजेता घोषित करण्यात आले आणि चषक त्याला मिळाला. प्रेक्षक पांगल्यावर, काही तासांनी, पंचांनी फेऱ्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता असे मान्य केले. पैसे मिळाले, पण तो चषक आणि त्यासोबतचा विजयाचा समारंभ नाही. सर्वोच्च श्रेणीतल्या ४९५ शर्यतींत त्याचा हा एकच विजय. १९७३ साली टॅलाडेगाच्या शर्यतीत अनेक मोटारींची टक्कर झाली, तीत तो जबर जखमी झाला आणि कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. १९९० साली तो वारला. २०१५ मध्ये त्याचे नाव नॅस्कारच्या मानकऱ्यांच्या दालनात गेले. जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक नॅस्कारने त्याच्या कुटुंबाला दिला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. नंतर महिना-सव्वा महिन्यात, त्याच टॅलाडेगावर, बबा वॉलेस जिंकला; या श्रेणीत जिंकणारा तो दुसरा कृष्णवर्णीय चालक.

आणि त्याचा वुल्फ? तो आला नाही. रिचर्ड प्रायरला घेऊन १९७७ साली एक चित्रपट निघाला. पण ब्रायन डोनोव्हन या पत्रकाराने लिहिलेले त्याचे मोठे चरित्र प्रसिद्ध झाले २००८ मध्ये, मृत्यूनंतर अठरा वर्षांनी. जॉन्सन आणि स्कॉट दोघेही दारू वाहणारे, दोघेही स्वतःची मोटार स्वतः उलगडणारे; एकावर लिहिलेला लेख अभ्यासक्रमात गेला, दुसरा एका अपमानाच्या किश्शापुरता उरला. चषकाची गोष्ट सगळे सांगतात. मोडक्या मोटारीनिशी तेरा हंगाम टिकून राहण्यासाठी नेमके काय यावे लागते, हे सांगायला एका माणसाला वर्षानुवर्षे खपावे लागले.

इथेच मराठीची गोष्ट सुरू होते. आपल्याकडेही ‘हे वाङ्मय नव्हे’ असे म्हणण्याची खोड जुनी आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके आली तेव्हा ही समाजशास्त्राची साधने आहेत, साहित्य नव्हे, असे म्हणणारे थोडे नव्हते. ती लढाई त्या लेखकांनी जिंकली. आमच्या वाशीम जिल्ह्यापुरते बोलायचे तर नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु या विजयातून समीक्षेने धडा घेतला तो अर्धाच. वंचिताचे दुःख वाङ्मयाच्या कक्षेत आले. त्याचे कसब बाहेरच राहिले. धुरकरी जखमी झाला, कर्जात बुडाला, बैल विकताना रडला, तर आपल्याला कथा सापडते. तो आपल्या कामात निष्णात आहे, आणि त्या निष्णातपणाला स्वतःची परिभाषा आहे, असे कुणी म्हणाले की आपण त्याला लोकसंस्कृतीच्या विभागाकडे पाठवतो. क्रिकेटवर शिरीष कणेकर किंवा द्वारकानाथ संझगिरी यांनी लिहिले तर ते ललित गद्य होते. तिथे मात्र फलंदाजाच्या पायांची हालचाल वर्णन करणे कुणाला अवाङ्मयीन वाटत नाही. हा फरक खेळाचा नाही, खेळणाऱ्याच्या घराचा आहे, असे मी म्हणालो तर सहकाऱ्यांना राग येईल. येऊ द्यावा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘शंकरपट ही क्रूरता आहे, तिच्या हाकणाऱ्याला नायक कशाला करता?’ सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तीही न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. शेपूट पिरगळणे, टोचणी, चाबूक हे सगळे पटावर होत आले आहे. मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे समर्थन करण्याची माझी तयारी नाही. परंतु त्या नऊ वर्षांच्या वादात आपल्या कानांवर दोनच आवाज पडले, प्राणिमित्रांचा आणि परंपरेचा. परंपरेच्या वतीने बोलले ते पुढारी आणि मालक. बैलाला मारल्याशिवाय पळवता येते का, टोचणीने बैल पळतो की बिथरतो, कोणता धुरकरी हात न लावता जोडी काढत असे आणि त्याला इतर काय म्हणत, हे ज्यांना ठाऊक होते त्यांचे एक पुस्तक आपल्या भाषेत असते तर या वादातल्या दोन्ही पक्षांना ते उघडावे लागले असते. त्यात क्रूरताही आली असती, आतून आणि तपशिलाने. वुल्फने जॉन्सनवर लिहिले म्हणून बेकायदा दारूचे समर्थन झाले असे कुणी म्हणत नाही.

‘संदर्भसाहित्य उपलब्ध नाही’ हे प्रस्ताव नाकारण्याचे दुसरे कारण तोंडी सांगण्यात आले. आपण लिहू देत नाही म्हणून संदर्भ नाहीत, आणि संदर्भ नाहीत म्हणून लिहू देत नाही. यावर अधिक काय बोलणार?

वेळ मात्र फारशी उरलेली नाही. आमच्या काळ्या मातीत सोयाबीन आणि तूर आता बहुतांशी ट्रॅक्टरवर पेरली जाते. घरात बैल नाही अशा घरांतली मुले पटाला जातात ती बघे म्हणून. बंदीच्या वर्षांत जे धुरकरी उमेदीत होते ते पट पुन्हा सुरू होईतो उतरणीला लागले. त्या वर्षांत जे शिकले असते ते शिकलेच नाहीत. ज्यांना सांगता येईल अशी माणसे साठी-सत्तरीत आहेत. उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोलीला कादंबरीत आणून तिचे सामर्थ्य दाखवले, त्याच बोलीतली पटावरची ही परिभाषा अजून कोशातही धड आलेली नाही.

त्या मुलाला पर्यायी विषय मंजूर झाला आहे. ‘ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रण’. या विषयावरचे निदान चार प्रबंध आमच्या ग्रंथालयाच्या कपाटात आहेत आणि त्यांतला एक मीच तपासला होता. तो हेही काम नीट करील, मुलगा कष्टाळू आहे. परवा रिठदला त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने एक शंभर पानी वही दाखवली. वडील सांगतात आणि तो लिहितो. पहिल्या पानावर त्यांनी हाकलेल्या जोड्यांची यादी आहे: बैलांची नावे, मालकाचे नाव, गाव, साल. चौथी जोडी लिहिताना वडिलांना मालकाचे नाव आठवेना, बैलांची नावे लगेच आठवली. उजवीकडे त्याने आणखी एक रकाना आखला आहे, ‘धुरकरी’ असा. यादी वडिलांचीच, तरी त्याने प्रत्येक ओळीत त्यांचे पूर्ण नाव पुन्हा पुन्हा लिहिले आहे.